सावरटेपची पाटी मुरबाडला जाते

लोक हिमालयात जाऊन येतात आणि प्रवासवर्णन लिहितात. मी शहापूर तालुक्यातून शेजारच्या मुरबाड तालुक्यात गेले, एक मुक्काम केला आणि परत आले. एवढ्याशा प्रवासाचं काय लिहायचं, असं कुणाला वाटेल. पण माझ्या आयच्या आयुष्यातला तो सगळ्यात लांबचा प्रवास होता. शिवाय आम्ही सोबत जे सामान नेलं होतं, ते घेऊन दुसरं कुणी प्रवासाला निघालं असेल असं मला वाटत नाही.

सावरटेप

आमचं सावरटेप शेणव्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी आहे. भात, नाचणी, थोडे वाल. मी आमच्या घरातली पहिली बी.एस्सी. घरातली म्हणते, पण खरं तर पाड्यातलीच पहिली. आज वाशिंदला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. हे सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही. मी शिकले ते एका एसटीमुळे, हेही मी तितक्याच मोठ्यानं सांगते.

ती मुक्कामाची गाडी होती. संध्याकाळी शहापूरहून यायची, रात्री आमच्या पाड्यातच उभी राहायची आणि पहाटे आम्हा शाळा-कॉलेजवाल्यांना घेऊन परत जायची. ड्रायव्हर आणि कंडक्टर जेवायला आमच्याकडे. कुणी तसा नियम केला नव्हता. गाडी आमच्या अंगणासमोर थांबायची म्हणून आयनं पहिल्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त थापल्या आणि मग रोजच थापत राहिली. कंडक्टर विशे मामा झोपायला जाताना गाडीच्या कपाळावरची पाटी काढून आमच्या घरात आणून ठेवायचे, कारण बाहेर राहिली तर पोरं तिची घसरगुंडी करायची. पाटी पत्र्याची, पांढरी, लाल अक्षरांची. एका बाजूला ‘सावरटेप’, दुसऱ्या बाजूला ‘शहापूर’. आय ती फडक्यानं पुसायची आणि ‘शहापूर’ बाहेर ठेवून खुंटीला टांगायची. त्या बाजूला ती सकाळची बाजू म्हणायची.

मग एका दसऱ्याला घोटाळा झाला. दसऱ्याला आमच्याकडे विळा, कोयता, नांगर धुऊन पुजतात, गाडीलाही हार घालतात. आयनं आदल्या रात्री हौसेनं पाटीसुद्धा शिकेकाई लावून धुतली आणि कुडाला टेकवून वाळत ठेवली. पहाटे गडबडीत ती तिथंच राहिली. विशे मामांच्या ते वाटेत लक्षात आलं, त्यांनी पुठ्ठ्यावर कोळशानं नाव लिहिलं आणि गाडी तशीच पुढे गेली. त्या दिवशी परतीचा पाऊस असा कोसळला की ओढ्यावरची मोरी वाहून गेली. संध्याकाळी गाडी मोरीपलीकडे येऊन थांबली, हॉर्न वाजवला आणि वळली. त्यानंतर ती कधी वर आली नाही. मोरी पुन्हा बांधली ती अरुंद. तोपर्यंत जीप सुरू झाल्या होत्या.

पाटी मात्र आमच्याकडे राहिली. आणि आयला टोमणा चिकटला. पाणी भरताना कुणीतरी म्हणायचंच, “पाटी धुतली नि गाडी वाहून गेली बग.” हसून म्हणायचे. आय पण हसायची. मला वाटायचं, तिला काही वाटत नाही.

परवा विशे मामांचा फोन आला. ते आता रिटायर आहेत. मुरबाडजवळ एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या शेडमध्ये त्यांनी आणि त्यांच्यासारख्या काही जणांनी सार्वजनिक वाहनांचं छोटं संग्रहालय केलं आहे. त्याचा वर्धापनदिन होता. दोन दिवस आसपासच्या गावांतल्या लोकांसाठी कार्यक्रम होते. “भाचे, गाडी मिळालेय जुनी, चालती केलेय,” ते म्हणाले. “पण तिच्या कपाळाला पाटी नाय. आपली आहे ना अजून? ताईंना घेऊन ये. पाटी पण आणा.”

मी लगेच हो म्हणाले. आयला विचारायचं राहिलं.

“नाय द्यायची,” आय म्हणाली.

“अगं, ते जपून ठेवतील. नाव लिहितील खाली.”

“माणूस मेला की फोटो लावतात नि नाव लिवतात. गाडी मेलेय काय?”

“बारा वर्षं झाली, आय.”

“व्हऊ दे. मोरी रुंद झाली ना आता? गेल्या उन्हाळ्यात? ग्रामसभेनं अर्ज दिलाय ना? मंग? उद्या गाडी आली नि पाटीच नसली तं?”

या प्रश्नावर माझं बी.एस्सी. काही कामाला आलं नाही. शेवटी ती यायला तयार झाली, पण अटीवर. पाटी सोबत येईल. द्यायची की नाही ते तिथं जाऊन, भावाला बघून ठरेल. भाऊ म्हणजे विशे मामा.

शेणवा नाका

शनिवारी सकाळी बाळूच्या जीपनं शेणव्याला उतरलो. मी पाटी गोणपाटात गुंडाळली होती. आयनं गोणपाट काढून टाकला. “तिला काय लाज हाय काय?” म्हणाली आणि पाटी छातीशी धरून नाक्यावर उभी राहिली. ‘सावरटेप’ बाहेर.

माघ होता. वालाच्या शेंगांच्या टोपल्या घेऊन बायका बसल्या होत्या. समोरच्या आंब्याला मोहोर आला होता. एक म्हातारे बाबा काठी टेकत आले, पाटीसमोर उभे राहिले आणि एकेक अक्षर लावून वाचलं.

“चालू झाली काय गो?”

मी तोंड उघडायच्या आत आय म्हणाली, “अजून नाय. पण पाटी तयार हाय.”

“मंग सोमवारपासून का?”

“बगू.”

बाबा खूश होऊन गेले. मी आयकडे रागानं बघितलं. ती वालाच्या शेंगा बघत होती.

मुरबाडची गाडी आली तशी आयनं मला ढकललं. मी दारातल्या गर्दीत अडकले. तिनं तोवर कमरेचा रुमाल काढून खिडकीतून आत टाकला होता. वर चढलो तेव्हा त्या सीटवर एक मिशीवाले गृहस्थ आरामात बसलेले.

“भाऊ, रुमाल दिसला नाय काय?”

“रुमालानं काय व्हतं मावशी? बसंल त्याची जागा.”

“आमच्याकडं रुमालाची जागा कोन घेत नाय. तुमचं गाव कोनतं?”

सगळी गाडी त्यांच्याकडे बघायला लागली. गृहस्थ उठले. गाव मात्र त्यांनी सांगितलं नाही. आय बसली, पाटी मांडीवर उभी धरली आणि हाफ तिकीट काढलं. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तिला वाटतं की सरकारनं ते खास तिला बघून केलंय.

किन्हवली गेलं, सरळगाव आलं. उजवीकडे भातखाचरं कापून मोकळी झालेली, मध्येच वालाचे हिरवे तुकडे, आणि कुठं कुठं पळस नुकता पेटायला लागलेला. हा रस्ता मी बघितलेला होता. आयनं नव्हता. इतकी वर्षं गाडी तिच्या अंगणात झोपली, पण ती स्वतः त्या गाडीत मोजक्या वेळा बसली. पहाटे तिला चहा करायचा असायचा, मग शेळ्या, मग शेत. गाडी इतरांना घेऊन जायची. हे मला त्या खिडकीपाशी बसल्यावर पहिल्यांदा नीट लक्षात आलं.

भातगिरणीची शेड

विशे मामा फाटकात उभे होते. केस पांढरे झालेत, पोट आलंय, पण खिशाला पेन लावायची सवय तीच. आयला बघून वाकले. “ताई, आलात! पाटी?” आणि हात पुढे केले.

आयनं पाटी दुसऱ्या काखेत घेतली. “आधी पानी द्या.”

संग्रहालय म्हणजे एक लांब शेड. आत लग्नाची बैलांची दमणी, कल्याणच्या रस्त्यावर चालायचा तो टांगा, तिकिटांची पत्र्याची पेटी, तिकीट टोचायचा चिमटा. एका खांबाला गाडीतली घंटीची दोरी बांधली होती आणि तिच्यासमोर पोरांची ही रांग. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे त्यांना शिकवत होते. एक मुलगी चारदा ओढून पळाली. “ए, चार म्हंजे काय?” तिला विचारलं तर म्हणे, “उडायला लागा!”

कोपऱ्यात बांबूला घोंगडी बांधून केलेली झोळी टांगली होती. आजाऱ्याला वाहून न्यायची. आय तिथं थबकली.

“ही क्याला ठेवली हितं?”

“पूर्वी गाडी नसायची तेव्हा असं न्यायचे, आजी,” तिथल्या कार्यकर्त्या पोरानं सांगितलं.

“पूर्वी नाय रं. आमच्या वरच्या वाडीतून दिवाळीत बाळंतीण आणली अशीच.”

 पोरानं खिशातून खडू काढून खालच्या फळीवर ‘पूर्वी’ खोडलं आणि ‘अजूनही’ लिहिलं. मला तो फार आवडला.

आणि शेडच्या मागे ती उभी होती. लाल गाडी. आमचीच होती असं नाही, पण त्याच घडणीची. खिडकीला तेच आडवे गज, दाराला तीच उंच पायरी. कपाळावर पाटीची रिकामी खाच. मी हात लावला आणि खरं सांगते, मला डिझेलचा, ओल्या दप्तरांचा आणि आमच्या घरच्या चहाचा वास एकदम आला. पहाटेचा पहिला हॉर्न चहासाठी असायचा आणि दुसरा निघायचा. परीक्षेच्या दिवसांत मला उशीर झाला की विशे मामा ड्रायव्हरला तिसरा वाजवायला लावायचे. तो तिसरा हॉर्न फक्त माझ्यासाठी होता. तेव्हा मी त्यांचे आभार वगैरे मानले नव्हते. आमच्यात तशी पद्धत नाही. तिथं शेडमागे मानले.

“वेडी का काय,” मामा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मुक्काम

त्या रात्री आम्ही मामांकडे राहिलो. मामी म्हणाल्या, “आमच्या माणसानं तुमच्या घरचं इतकं खाल्लंय, आज मुक्कामाची गाडी आमच्या दारात.” तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि वालाचं बिरडं. बिरड्यात गूळ होता. आमच्याकडे घालत नाहीत. आयनं एक घास खाल्ला, थांबली आणि पुन्हा वाढून घेतलं. नंतर मला कानात म्हणाली, “गोड केलंय गो. पण चांगलं लागतंय. सांगू नको कुनाला.”

जेवणं झाल्यावर ती एकदम म्हणाली, “भाऊ, एक इचारू?”

“विचारा की.”

“पाटी ऱ्हायली म्हनून तं गाडी बंद नाय ना झाली?”

मला वाटलं, मामा हसतील. मीही हसणार होते. पण आयनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं आणि ती मामांच्या तोंडाकडे बघत होती. बारा वर्षं पाणवठ्यावर हसून घालवलेला टोमणा तिनं खरा धरला होता, आणि मला, तिच्या शिकलेल्या मुलीला, त्याचा पत्ता नव्हता.

मामा हसले नाहीत. “नाय ताई. मोरी गेली म्हणून बंद झाली. पाटीचं म्हणाल तर उलटं आहे. मी रिटायर होईपर्यंत डेपोत जो नवा साहेब येईल त्याला सांगायचो, साहेब, आपली पाटी राहिलीय वर. ती आणायला तरी एकदा गाडी पाठवा. सगळे मला हसायचे. ‘काय विशे, पाटी आली का?’ मी म्हणायचो, पाटी ताईंकडं आहे, कुठं जात नाय.”

आयनं पदर सोडला. तिचा श्वास मला ऐकू आला.  मग तिच्या डोक्यात पुढचं आलं.

“म्हंजे पाटी आमच्याकडं हाय म्हनून गाडीनं यायचं व्हतं.”

“तसंच काहीतरी.”

“नि आता तुमीच पाटी नेली तं गाडी क्याला येल?”

मामांनी मामींकडे बघितलं. मामींनी ताटं उचलली.  पाटी त्या रात्री आयच्या उशाशी राहिली.

गाडी निघते

रविवारी सकाळी मैदानात जत्रेसारखी माणसं होती. बचत गटाच्या बायकांच्या चुली पेटल्या होत्या. पोरांनी काढलेली गाड्यांची चित्रं दोरीवर टांगलेली. एकानं एसटीला डोळे, मिशा आणि टोपी काढली होती. रिटायर ड्रायव्हर लोक खाकी कपडे कपाटातून काढून घालून आले होते. बऱ्याच जणांची बटणं लागत नव्हती.

दहाच्या सुमारास जुनी गाडी जवळच्या गावापर्यंत जाऊन परत येणार होती. आणि पहिलं भांडण तिथंच लागलं. पाटी कुठल्या गावाची लावायची? तीन गावांचे लोक आपापल्या नावाचे पुठ्ठे रंगवून घेऊन आलेले.

“आमचं गाव मोठं हाय.”

“मोठं हाय तं पुठ्ठा एवढासा का?”

“आमच्याकडं गाडी पहिली आली व्हती.”

“नि पहिली बंद पन तुमच्याकडंच पडली!”

विशे मामा मध्ये पडून थकले. तेवढ्यात आय पुढे झाली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. पाटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि उभी राहिली. खरी पाटी. पत्रा, लाल अक्षरं, कडेला बारा वर्षांचा गंज. पुठ्ठेवाले बघत राहिले.

“आजची फेरी हिची,” ती म्हणाली. “ही वाट बगून बगून थकलेय.”

कुणी हरकत घेतली नाही. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं वर चढून पाटी खाचेत बसवली. ती खट्कन बसली. आय गाडीत चढली आणि पहिल्या सीटवर, खिडकीशी बसली. रुमाल टाकायची गरज पडली नाही. मामांनी तिच्या हातात घंटीची दोरी दिली. तिनं दोनदा ओढली.

गाडी हलली. खिडक्या थडथडल्या, सगळे ओरडले, कुणीतरी गणपतीचा जयजयकार केला. चढावर ती धापा टाकायला लागली तेव्हा आय पुढच्या दांड्याला हात लावून म्हणत होती, “चल गो बाय, चल.” चढाच्या माथ्यावर पोचल्यावर समोर सगळी सह्याद्रीची भिंत दिसली. सिद्धगड, गोरखगड, मागे निळे कडे. आयनं विचारलं, “आपला डोंगर कोनता?” मी आमच्या शहापूरकडच्या माहुली डोंगराची दिशा दाखवली. तिकडे धुरकट होतं, काही दिसत नव्हतं. तरी तिनं हात जोडले.

परत आल्यावर मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माइकवर म्हणाले, “मी माझ्या गावातली पहिली पदवीधर. ती झाले ते या गाडीमुळे.” खालून आयचा आवाज आला, “नि माज्या भाकरीमुळं!” माझं भाषण तिथंच संपलं. त्याहून खरं मला काही सांगता आलं नसतं.

मग ती वेळ आली. मामांनी शेडमध्ये जागा करून ठेवली होती. एका माणसाच्या हातात हातोडी आणि दोन खिळे. आयनं पाटी गाडीवरून उतरवून घेतली, पदरानं पुसली आणि पहिल्यांदा मामांच्या हातात दिली.

“देते. पन ठेवायला देते, कायमची नाय.”

“बरं, ताई.”

“खिळा मारू नका. हुकाला लावा. काढायला लागंल.”

हातोडीवाला हुक शोधायला पळाला.

“नि ‘शहापूर’ नको. ‘सावरटेप’ बाहेर ठेवा. गाडी यायचीय.”

“बरं.”

“नि परत द्यायला याल तेव्हा जीपनं यायचं नाय. गाडी घेऊन या. पाटी कपाळाला लावून.”

विशे मामांनी पाटी हुकाला अडकवली. खाली त्या खडूवाल्या पोरानं विचारलं, काय लिहू? मामांनी सांगितलं ते त्यानं लिहिलं: ‘शहापूर – सावरटेप. सध्या थांबली आहे.’

परत

परतीच्या गाडीत आयचे हात रिकामे होते. कुठं ठेवावे ते तिला कळत नव्हतं. मध्येच ती म्हणाली, “इतके चांगले लोक गो. आपल्याला कोन ओळखत पन नव्हतं तिथं.” मग सरळगाव येईपर्यंत झोपली.

शेणव्याला बाळू जीप घेऊन उभा होता, वैतागलेला. “मावशी, काय करून ठेवलंस? दोन दिस झाले, सगळी मला इचारतात, सोमवारपासून गाडी चालू का? वरच्या वाडीतल्या पोरींनी पासचे फोटो पन काढले. माज्या धंद्याचं काय?”

“पासाला फोटो लागतातच,” आय म्हणाली. “काढून ठेवलेले बरे.”

सोमवारी गाडी आली नाही, हे सांगायला नको. मी सकाळी वाशिंदला कामावर निघाले तेव्हाही बाळूच्याच जीपमध्ये बसले. पण निघताना घरात वळून बघितलं. भिंतीवर पाटीच्या मापाचा स्वच्छ चौकोन उमटला होता, बारा वर्षांचा धूर त्याच्या कडेनं थांबलेला. माझ्या भावानं रिकामी खुंटी बघून तिला पिशवी अडकवली होती. आयनं ती काढून त्याच्या हातात दिली आणि कमरेचा रुमाल सोडून त्या खुंटीला टांगला.

“जागा धरलेय,” ती म्हणाली.